पोरीला ताप आहे

ऐकायचा कंटाळा असेल त्यांनी वाचा, वाचायचा कंटाळा असेल त्यांनी ऐका, मजकूर तोच आहे. रेकॉर्डिंगमध्ये मागून मध्येच एक किंकाळी येते, ती आमच्या चिरंजीवांची. ती काढायला दोन तास घालवले, मग नाद सोडला.

आजचा विषय रूमवरच्या मित्रांचा. म्हणजे कॉलेजमध्ये ज्यांच्यासोबत एका खोलीत राहिलो, एकाच कुकरचा भात खाल्ला आणि आता ज्या प्रत्येकाच्या घरात एकतरी पोरगं आहे, त्यांचा. मी या भागात कोणाचंही नाव घेणार नाही. घ्यायची गरजही नाही, कारण रूमवर आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारलीच नाही. आम्ही चौघे चार तालुक्यांचे, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. त्यामुळे एक परंडा, एक भूम, एक लोहारा आणि मी कळंब. ‘परंड्या, ऊठ की, टाकी भरली का बघ’ असं चालायचं. आजही माझ्या फोनमध्ये त्यांचे नंबर असेच सेव्ह आहेत, आणि बायकोला पहिले सहा महिने वाटायचं की मला कुठल्यातरी एसटी डेपोतून फोन येतात.

२०१४ ला आम्ही नांदेडला बी.टेक.ला लागलो. पहिलं वर्ष हॉस्टेल, मग विष्णुपुरीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मालक भला माणूस, पण पाण्याच्या बाबतीत कडक. एक दिवसाआड तासभर मोटर चालू करायचा, तेवढ्यात वरची टाकी भरायची. झोपलात तर गेलं. म्हणून रूमवरचा पहिला प्रश्न ‘जेवलास का’ नव्हता, ‘टाकी भरली का’ हा होता. पुढे व्हॉट्सॲप ग्रुपचं नावही तेच पडलं, अजून तेच आहे.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील, म्हणून सांगतो. ती दुष्काळाची वर्षं होती. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आम्ही ते चौघांनी मिळून एका मोबाईलवर बघितलं. परंडा शांतपणे म्हणाला, ‘आमच्याकडं पाणी यायचं कसं? परंड्याला रेल्वेच नाही.’ आम्ही खो खो हसलो. त्याचे वडील तेव्हा जनावरं घेऊन चारा छावणीत राहत होते. हे त्याने आम्हाला दोन महिन्यांनी सांगितलं, तेही सहज, मेसचे पैसे उशिरा का देतोय एवढ्यापुरतं. तो पहिल्यापासून असाच. आमच्या ते लक्षात यायला हवं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि आमचा दुष्काळ निदान एका बाबतीत संपला. तो भाग परत कधीतरी.

२०१८ ला पास झालो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. भूम बेंगळुरूला. लोहाऱ्याने तीन वर्षं एमपीएससी केली, मग सोलापुरात एका कॉलेजवर शिकवायला लागला. परंडा चाकणला एका कारखान्यात होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावाकडे गेला, तिथे वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो गावातच राहिला. पाच एकर जमीन, सहा गायी. लग्न सगळ्यात आधी त्याचं झालं, मुलगीही सगळ्यात आधी त्यालाच. आता चार वर्षांची आहे. भूमला मुलगी, दोन वर्षांची. मला मुलगा, अडीच वर्षांचा. लोहाऱ्याचा मुलगा अकरा महिन्यांचा.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही भेटायचं ठरवून किती वेळा भेटलो नाही, हे मी ग्रुपवर मागे स्क्रोल करत जाऊन मोजलं. नऊ वेळा. २०२२ पासून नऊ बेत मोडले, आणि नऊच्या नऊ वेळा कारण मूल. बायकोला सातवा आहे. बाळाला लस दिलीय. दात येतायत. रात्रभर झोपला नाही. तिला ताप आहे. यातली काही कारणं खरी होती, शंभर टक्के. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला माहितीय, शुक्रवारी रात्री नऊ वाजता अंग गरम लागलं की शनिवारचा सगळा बेत पाण्यात. पण या कारणाची एक खासियत आहे. याच्यावर उलट प्रश्न कोणी विचारत नाही. ‘ऑफिसचं काम आहे’ म्हटलं तर मित्र शिव्या घालतात. ‘पैसे नाहीत’ म्हटलं तर ‘मी देतो, ये’ म्हणतात, आणि ते जास्त अवघड. ‘पोराला ताप आहे’ म्हटलं की तिघांकडून ‘काळजी घे रे’ येतं आणि विषय बंद.

मी हे कारण गेल्या वर्षी चार महिने वापरलं. २०२५ च्या जूनमध्ये माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. पंधरा मिनिटांची मीटिंग, समोर एचआरच्या दोन अनोळखी बाई, आणि दुपारपर्यंत लॅपटॉप लॉक. गावाकडे सांगितलं नाही. ग्रुपवर तर नाहीच. चौघांत मी ‘सेट’ झालेला होतो ना! फ्लॅटचा हप्ता चालू, गाडी घेतलेली, फोटो टाकलेले. जुलैत लोहाऱ्याने पावसाळ्यात नळदुर्गला जायचं काढलं. बोरी नदीवरचा बंधारा भरून वाहायला लागला की नर-मादी धबधबे सुरू होतात, ते पोरांना दाखवू म्हणाला. मी लिहिलं, ‘छोट्याला व्हायरल झालाय.’ छोटा तेव्हा सोफ्यावरून उड्या मारत होता. बायकोने मेसेज वाचला आणि एवढंच म्हणाली, ‘स्वतःच्या पोराला आजारी पाडू नकोस.’ चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग सप्टेंबर आला. घटस्थापनेच्या दिवशी, २२ तारखेला, परंडा-भूम भागात जे पाणी आलं ते तुम्ही रील्सवर पाहिलंच असेल. सीना नदी पात्र सोडून गावांत शिरली. घरांवर, झाडांवर अडकलेली माणसं हेलिकॉप्टरने काढली. मी पुण्यात बिछान्यावर पडून ते व्हिडिओ बघत होतो, गावांची नावं वाचत होतो. त्यात एक नाव त्याच्या गावाच्या शेजारचं होतं. ग्रुपवर लिहिलं, ‘परंड्या सेफ का?’ दोन तासांनी त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा. आम्ही तिघांनीही ‘थँक गॉड, काळजी घे’ लिहिलं.

फोन मी केला नाही. वेळ भरपूर होता, बेकारच होतो. भीती ही होती की बोलता बोलता तो विचारेल, ‘तुझं कसं चाललंय?’ आणि मदत करावी म्हटलं तर खात्यात जे होतं त्यात माझेच दोन हप्ते निघणार होते. एवढंच होतं. आज सांगताना फार फालतू वाटतं, पण तेव्हा तो हिरवा बटण दाबायला बोट उचललं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला नवीन नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगारावर. लागली की लगेच उत्साह! दिवाळीनंतरच्या रविवारी, २६ ऑक्टोबरला, लोहाऱ्याने पोराचं जावळ तुळजापूरला ठेवलं होतं. मी सगळ्यात आधी ‘येतोय, सहकुटुंब’ लिहिलं. भूम दिवाळीला गावी आलेलाच होता. परंडा म्हणाला, ‘बघतो.’

शनिवारी रात्री मेसेज आला. ‘पोरीला ताप आहे. नाही जमत. देवीला माझाही नमस्कार सांगा.’

तुळजापूरचं थोडक्यात सांगतो, कारण लहान पोरं घेऊन देवदर्शन म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. जावळ काढताना लोहाऱ्याचं पोरगं असं रडलं की शेजारच्या तीन पोरांनी सूर धरला. भूमची मुलगी घरी सांभाळायला येणाऱ्या बाईंकडून कन्नड शिकलीय, ती गर्दीत ‘नीरू, नीरू’ करत होती आणि भूमची आई सगळ्यांना विचारत होती, ‘कोण नीरू?’ पाणी पाहिजे होतं तिला. माझ्या चिरंजीवांनी कुंकवाच्या दुकानात हात घातला, त्याचे शंभर रुपये गेले. आम्ही तिघे बाप एका बाजूला डायपरच्या पिशव्या धरून उभे. सात वर्षांनी एकत्र भेटलो आणि पहिला अर्धा तास ओल्या टिश्यूचा कोणता ब्रँड चांगला, याच्यावर बोललो. खरं सांगतो, मजा आली.

जेवताना लोहाऱ्याच्या बायकोने विषय काढला. ‘परंडावाले भाऊजी का नाही आले?’

‘मुलीला ताप आहे,’ मी म्हटलं.

‘काल दुपारी मी वहिनींशी बोलले,’ ती म्हणाली. ‘मुलगी मागे गाणं म्हणत होती. ताप आहे असं काही बोलल्या नाहीत.’

माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं.

भूमने गाडीची चावी टेबलावर ठेवली. ‘किती लागतील इथून? बार्शीवरून दोन-अडीच तास?’

फोन न करता जायचं ठरलं. केला असता तर त्याने पोरीला न्यूमोनिया केला असता. जेवण उरकून लगेच निघालो, आजी-आजोबांना तुळजापुरातच पाहुण्यांकडे ठेवलं. दोन गाड्या, तीन पोरं, तीन बायका, पेढे, आणि लोहाऱ्याचं टक्कल केलेलं पोरगं मागच्या सीटवर झोपलेलं. परंड्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला अजून गवताच्या वाळलेल्या झावळ्या तारांना अडकलेल्या होत्या. माणसाच्या डोक्याच्या वर. पूर गेल्याला महिना झाला होता.

त्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्याची मुलगी अंगणात वासराच्या मागे पळत होती. ठणठणीत. परंडा गोठ्यातून बाहेर आला, हातात घमेलं. आमच्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, परत आमच्याकडे.

‘उतरला ताप,’ तो म्हणाला.

कोणी काही बोललं नाही. त्याची आई बाहेर आली, ‘आरं, बसा की, उभे का सगळे?’ आणि घरात एकदम धावपळ सुरू झाली. चूल, गॅस, चहा, दूध. आमच्या बायका आत गेल्या. सहा गायींपैकी चार दिसत होत्या. मी विचारलं नाही.

पोरांना ओळख करून द्यावी लागत नाही. दहा मिनिटांत सगळी वासराभोवती. मग त्याच्या मुलीने आमच्या दोघांच्या पोरांना हाताला धरून घरात नेलं, भिंतीजवळ उभं केलं. भिंतीवर चिखलाची एक सरळ रेघ होती. खाली रंग फुगून पोपडे धरलेले, वर स्वच्छ. ‘हितपर्यंत पाणी आलं होतं,’ ती म्हणाली आणि चवड्यावर उभं राहून हात वर केला. हात पोचला नाही. मग तिला खेळ सुचला. एकेकाला भिंतीला टेकवून उंची बघायची, कोण रेघेपर्यंत येतंय. माझा मुलगा उभा राहिला, भूमची मुलगी उभी राहिली. दोघं रेघेच्या खूप खाली. ती म्हणाली, ‘तुम्ही अजून लहान आहात,’ आणि सगळी हसायला लागली. मी बाहेर आलो.

संध्याकाळी तो आम्हाला शेतावर घेऊन गेला. नेतच नव्हता, लोहाऱ्याने हाताला धरून उठवलं. ‘खरडून गेलेली जमीन’ हा शब्द मी बातम्यांत शंभर वेळा ऐकला होता. माझ्या डोक्यात होतं, पीक गेलं म्हणजे गेलं, पुढच्या वर्षी परत पेरायचं. तसं नाही ते. तिथे मातीच नव्हती. नदीकडच्या दोन एकरांत गुडघाभर खड्डा पडल्यासारखं झालेलं, आणि वर नुसते गोटे, वाळू, कुठूनतरी वाहत आलेला पाइपचा तुकडा. त्याच्या आजोबांनी गाळ टाकून ती जमीन केली होती म्हणे. उरलेल्या तीन एकरांत सोयाबीन काढणीला आलं होतं, ते उभ्याने कुजलं.

सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम होतं. दोन एकर म्हणजे हेक्टरही पुरा नाही. त्याने हिशेब तोंडपाठ सांगितला. एका ट्रॉलीला किती, किती ट्रॉल्या लागतील, डिझेल किती. मीटिंगमध्ये आमचा मॅनेजर पण इतक्या स्वच्छ आकडे मांडत नाही. आणि मग म्हणाला, ‘तुळजापूरला यायचं तर पोराच्या हातात काहीतरी ठेवावं लागतं ना रे. रिकाम्या हाताने कसं यायचं. तुम्ही सगळे गाड्या घेऊन येणार.’

लोहारा भडकला. शिव्या दिल्या, त्या इथे ऐकवत नाही. ‘माझ्या पोराला तुझे पाचशे रुपये पाहिजे होते का?’

मी म्हटलं, ‘माझ्या पोरालापण चार महिने ताप होता.’

मग सगळं सांगितलं. जून, एचआर, नळदुर्ग, व्हायरल. फोन का केला नाही, तेही. परंडा गोट्यावर बसून ऐकत होता. माझं झाल्यावर भूम म्हणाला, ‘मला माहीत होतं.’

‘कसं?’

‘लिंक्डइनवर फोटोला हिरवी पट्टी लावली होतीस की लेका. ओपन टू वर्क. सगळ्या जगाला दिसत होतं.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरच्यांपासून, मित्रांपासून लपवत होतो आणि तिकडे स्वतःच्याच फोटोवर पाटी लावून बसलो होतो. म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, ‘तू सांगशील म्हणून थांबलो. मग वाटलं, त्याला नाही सांगायचं तर आपण कशाला काढा.’ त्यावर परंडा जो हसायला लागला, तो थांबेचना. इतका हसला की मला शेवटी शेवटी तो हसतोय की काय करतोय ते कळेना. अंधार पडला होता, बरं झालं.

पैशाचं मी विचारलं. नाही म्हणाला, आणि ज्या पद्धतीने म्हणाला त्यावरून परत विचारण्यात अर्थ नव्हता. पण घरी आल्यावर जेवणं झाली आणि त्याने पत्र्याच्या पेटीतून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. ‘तू सॉफ्टवेअरवाला ना? हे करून दे.’ शेतकऱ्यांचं फार्मर आयडीचं काम. त्याच्या वडिलांचं नाव आधारवर एक, सातबाऱ्यावर एका अक्षराने वेगळं. आम्ही रात्री साडेबारापर्यंत बसलो. मी रोज क्लाउडवर काम करतो, हजारो सर्व्हरचं बघतो, आणि त्या एका वेलांटीने मला घाम फोडला. वडील कॉटवर पडून बघत होते. त्यांना बोलता नीट येत नाही, पण ओटीपी आला की हाताने फोनकडे खूण करायचे. त्या रात्री झालं नाही. पुढे तीन आठवडे लागले, दोन वेळा त्याला तालुक्याला जावं लागलं, मी फोनवरून सांगत होतो. झालं शेवटी.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. पोरंटोरं-बायका आतल्या खोलीत, आम्ही चौघे बाहेर सतरंजीवर, विष्णुपुरीत झोपायचो त्याच क्रमाने. हे कोणी ठरवलं नव्हतं. पहाटे माझा मुलगा रडला तर त्याला परंड्याने उचललं, मला जाग येईपर्यंत गोठा दाखवून परत आणला होता.

आता दर रविवारी रात्री साडेनऊला फोन असतो. व्हिडिओ कॉल. चौघांच्या घरात चार पोरं ओरडत असतात, निम्मं ऐकूच येत नाही. पुढची भेट माझ्या तालुक्यात, येरमाळ्याला, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला ठरलीय. परंड्याने तीन एकरांत ज्वारी पेरली. दोन एकरांत अजून गोटेच आहेत. ट्रॉल्या सुरू झाल्यात, मोजून चोवीस पडल्या.

आणि एक राहिलं. गेल्या आठवड्यात माझ्या मुलाला खरोखर ताप आला. रविवारचा कॉल जमणार नव्हता, म्हणून ग्रुपवर लिहिलं, ‘पोराला ताप आहे.’ ‘काळजी घे’ कोणीच लिहिलं नाही. पहिला फोन लोहाऱ्याचा आला, तो कट होईपर्यंत भूमचा. आणि परंड्याचा ग्रुपवर मेसेज, ‘थर्मामीटरचा फोटो टाक.’

टाकला. एकशे एक पॉइंट चार.